घराआधी शेजार बघा

आजच्या भागात आपण किरायाच्या घराबद्दल बोलणार आहोत, आणि त्याहून जास्त त्या घराच्या आजूबाजूबद्दल.

केळापूर तालुक्यातल्या गावांतून, कोलाम पोडांवरून, बंजारा तांड्यांवरून तरुण जोडपी पांढरकवड्याला राहायला येतात. घरची शेती दोन-चार एकर, तीही कोरडवाहू. कापूस घरात येतो दिवाळीच्या सुमाराला आणि त्याचा पैसा उधारी फेडण्यात जातो. मग कुणी जिनिंगमध्ये कामाला लागतं, कुणी बांधकामावर, कुणी महामार्गावरच्या ढाब्यावर नाहीतर गॅरेजमध्ये. कुणाला मुलांसाठी बरी शाळा हवी असते. जोडपं येतं, दोन दिवस फिरतं आणि खोली घेतं. विचारपूस तीनच गोष्टींची होते. किराया किती, अ‍ॅडव्हान्स किती, संडास आत आहे की बाहेर.

हे विचारायलाच हवं. पण चौथा प्रश्न राहून जातो. इथले लोक आपल्याला माणसात घेतील का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त घरातल्या बाईचा आहे. नवरा सकाळी आठला जातो आणि अंधार पडल्यावर येतो. बाई बावीस-तेवीस वर्षांची. कडेवर एक लेकरू, कधी पोटात दुसरं. गावात सासू होती, जाऊ होती. रात्री लेकराला ताप चढला तर चार घरांतून कुणीतरी धावत यायचं. शहरात ती जागा शेजारणीनं घ्यायची असते. शेजारचं दार उघडं असलं तर अंगणवाडी कुठं, नळ कधी येतो, दवाखान्यात चिठ्ठी कुठं काढायची, हे पहिल्या आठवड्यात कळतं. दार बंद असलं तर ती बाई कडी लावून दिवसभर आत बसते. लेकराचा डोस चुकतो. सहा महिन्यांत ते जोडपं दुसरी खोली शोधायला लागतं, आणि खोली बदलली की शाळाही बदलते.

म्हणून आजचं सांगणं असं की खोली पक्की करण्याआधी शेजार पक्का करा. तो कसा ओळखायचा ते आधी बघू. मग आपल्यापैकी ज्या आधीपासून त्या वस्तीत राहतात, त्यांनी काय करायचं तेही बघू.

येणाऱ्या-जाणाऱ्यांचं गाव

देशातला सगळ्यात लांब महामार्ग, श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंतचा 44 नंबरचा, पांढरकवड्यावरून जातो. उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर नागपूर, आणि दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगणातलं आदिलाबाद. तालुक्याच्या कचेऱ्या इथं, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथं, उपजिल्हा रुग्णालय इथं. बाजारात अर्धा तास उभं राहिलं तरी वऱ्हाडी, हिंदी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा अशा बोल्या कानावर पडतात.

पण बाजारात सगळे एकत्र दिसले तरी राहायला सगळे एकत्र नसतात. आपल्याकडच्या गावाशहरांत वस्त्या पुष्कळदा जातीनं आणि धर्मानं वाटलेल्या असतात. अमुक वार्ड अमक्यांचा, तमुक मोहल्ला तमक्यांचा. नव्या ले-आऊटमध्ये थोडी सरमिसळ असते, पण तिथंही खोली मागायला गेलं की आधी आडनाव विचारतात.

कोलाम समाजाचंच बघा. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन जमाती शासनानं विशेष असुरक्षित म्हणून नोंदवल्या आहेत. कोलामांचं पोड म्हणजे थोडी घरं, त्यातही बहुतेक नात्यातली. अशा पोडावरची मुलगी लग्नानंतर शहरातल्या गल्लीत आली, तर कोलामी बोलणारं तिच्याशिवाय कुणीच नसण्याची शक्यता जास्त. तिचं लेकरू अंगणात कोलामीत बोललं आणि बाकीची पोरं हसली, तर ते लेकरू दुसऱ्या दिवशी बाहेर येत नाही. शेजार म्हणजे काय ते इथं कळतं.

वस्ती बघायला तीन वेळा जा

खोली दुपारी दाखवतात. दुपारी वस्ती झोपलेली असते, तिचा स्वभाव दिसत नाही. म्हणून तीन वेळा जा, आणि बाईनं स्वतः जा. नवऱ्यानं बघितलेली खोली आणि बायकोनं बघितलेली खोली यात फरक असतो.

पहिल्यांदा सकाळी, नळाच्या वेळी. पाण्यापाशी वस्ती खरं बोलते. नंबर लागतो की ज्याचा जोर त्याची गुंडी आधी भरते? एखाद्या बाईची गुंडी बाजूला सरकवली जाते का? किरायेदारांना मागून पाणी घ्यावं लागतं का? तिथं उभ्या असलेल्या एखाद्या बाईला सरळ विचारा, "बाई, इथं किरायानं राहायचं म्हणतो, कसं आहे?" ती काय सांगते ते ऐका, आणि सांगण्याआधी ती इकडंतिकडं बघते का, तेही बघा.

दुसऱ्यांदा संध्याकाळी, दिवेलागणीला. मुलं बाहेर खेळतात का? मुली खेळतात का? म्हाताऱ्या बाया ओट्यावर बसलेल्या दिसतात का? ज्या गल्लीत ओट्यावर बाया बसतात, तिथं लेकरांवर दहा डोळे असतात. आणि ओट्यावरून आपल्याला कुणी "या, बसा" म्हटलं तर तेही लक्षात ठेवा.

तिसऱ्यांदा रात्री नऊच्या पुढं, घरातलं कुणी सोबत घेऊन. खांबावरचा दिवा लागतो का? दारूचं दुकान किंवा गुत्ता किती जवळ? त्या रस्त्यानं बाईला एकटीला दवाखान्यात जायची वेळ आली तर ती जाऊ शकेल का? संडास बाहेर असेल तर रात्री तिथपर्यंतची वाट कशी आहे?

शिवाय ऋतूचं विचारा. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो. टिनाच्या खोलीत बाळंतीण बाई आणि तान्हं लेकरू दुपारी राहू शकत नाही. अशा वेळी शेजारचं स्लॅबचं घर किंवा लिंबाची सावली लागते, आणि ती शेजाऱ्यानं द्यावी लागते. पावसाळ्याचंही विचारा. जुलै 2023 मध्ये आपल्या जिल्ह्यात पुराचं पाणी घराघरांत शिरलं होतं. खोली नाल्याकाठी असेल तर पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते घरमालकाला नका विचारू, शेजारणीला विचारा. त्या वेळी कुणी कुणाला घरात घेतलं हेही ती सांगेल.

आडनावाचा प्रश्न

आता अवघड गोष्ट. घरमालक आडनाव विचारतो, मग जात, मग मटण-मासळी खाता का. कधी सरळ "नाही" म्हणतो, कधी "कालच दिली खोली" म्हणतो. पुढच्या आठवड्यात ती खोली रिकामीच दिसते.

हे दुखणं जुनं आहे. 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानाच्या नोकरीवर गेले. सव्वीस वर्षांचे होते. एवढा शिकलेला माणूस, पण राहायला कुणी जागा देईना. शेवटी ते पारशी सराईत पारशी नाव लावून राहिले. दहा-अकरा दिवसांनी लोकांना कळलं आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. त्यांना बडोदा सोडावं लागलं. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

त्याच्या आधीची एक गोष्ट पुण्याची. 1849 साली मुलींना शिकवतात म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना वडिलांचं घर सोडावं लागलं. सावित्रीबाई तेव्हा अठरा वर्षांच्या. त्यांना उस्मान शेख यांनी आपल्याकडं जागा दिली असं सांगितलं जातं, आणि फातिमा शेख सावित्रीबाईंच्या कामात त्यांच्या सोबतीला होत्या. एक दार उघडलं म्हणून ते काम थांबलं नाही.

यातून आपण काय घ्यायचं? पहिलं, आडनाव लपवू नका. बाबासाहेबांनी नाव बदललं कारण दुसरा रस्ताच नव्हता. आज आधार कार्ड, शाळेचा दाखला, रेशन कार्ड, सगळीकडं नाव येतं. खोटं सांगून मिळालेली खोली दोन महिन्यांत हातची जाते, आणि तेवढे दिवस बाई शेजारणीशी मोकळी बोलूही शकत नाही. आधीच सांगा. "नाही" यायचं असेल तर सामान हलवण्याआधी आलेलं बरं.

दुसरं, कायदा कुठं मदतीला येतो ते माहीत असू द्या. खासगी घरमालकानं गोड बोलून "नाही" म्हटलं तर ते जातीवरून म्हटलं हे सिद्ध करणं फार कठीण जातं. पण राहायला लागल्यावर अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला घर सोडायला भाग पाडलं, तर तो 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आंतरजातीय लग्न केलं म्हणून जातपंचायतीनं वाळीत टाकलं, तर त्यासाठी महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तिसरं, घरमालकाची भीतीही समजून घ्या. किराया बुडेल, दारू पिऊन भांडणं होतील, चार माणसं सांगून दहा राहतील, ही भीती काही वेळा खरी असते. यावर आपल्या बचत गटाकडं चांगला उपाय आहे. गटाची वही घेऊन जा. "ही आमच्या गावातल्या गटात तीन वर्षं दर महिन्याला बचत भरते, कर्जाचा एकही हप्ता चुकला नाही," असं गटाच्या अध्यक्षा आणि सचिवांनी सहीनिशी लिहून दिलं, तर ती अनोळखी बाई राहत नाही.

कागद असला की पाय रोवता येतो

किराया तोंडी ठरवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 सांगतो की भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. किराया किती, अ‍ॅडव्हान्स किती, विजेचं युनिट कोणत्या दरानं, पाणी किती वेळ, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, हे सगळं त्यात लिहून घ्या. किराया दिला की पावती मागा. पावतीवर बाईचंही नाव असू द्या.

पण नवा पत्ता पक्का होईपर्यंत काही गोष्टी थांबत नाहीत, आणि त्या थांबू देऊ नका.

अंगणवाडी. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता, यांना ज्या भागात राहतात तिथल्या अंगणवाडीत नाव लावता येतं. घर स्वतःचं असायची अट नाही.

लसीकरण. माता-बाल संरक्षण कार्ड गावावरून आणायला विसरू नका. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने आणि दीड वर्षाच्या सुमाराचे डोस कुठल्याही सरकारी केंद्रावर मिळतात. घर बदलण्याच्या धांदलीत नऊ महिन्यांचा डोस राहून जाऊ देऊ नका.

शाळा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला कागद नाही म्हणून शाळेत घ्यायला नकार देता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश द्यावा लागतो. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. खोली बघताना ते अंतर लेकराला सोबत घेऊन चालून बघा. मध्ये महामार्ग ओलांडावा लागतो का, ते बघा.

रेशन. कार्ड गावचं असलं तरी आधार जोडलेलं असेल तर अंगठा लावून शहरातल्या रेशन दुकानातून धान्य घेता येतं. गावाला जायचा दिवस आणि भाडं वाचतं.

मतदार यादी. कायम राहायचं ठरलं की फॉर्म 8 भरून नाव नव्या पत्त्यावर आणा. नाली तुंबली, दिवा गेला तर वार्डातली मतदार म्हणून तुम्ही जाल तेव्हा ऐकून घेतात.

काही जणी पुढं प्लॉट घेण्याचा विचार करतील. ले-आऊट मंजूर आहे का, जागा अकृषक झाली आहे का, हे नगर परिषदेत आणि तहसीलमध्ये विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका. नामंजूर ले-आऊटमध्ये रस्ता-नालीसाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात. घर बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हेही घरात सांगून ठेवा.

एकटी बाई आणि तिची लेकरं

तरुण कुटुंब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं नवरा-बायको येतात. आपल्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्येनंतर कितीतरी घरं एकट्या बाईनं उभी ठेवली आहेत. अशी बाई दोन लेकरं घेऊन शहरात येते तेव्हा तिला खोली मिळायला सगळ्यात जास्त त्रास होतो. "नवरा कुठं आहे?" हा पहिला प्रश्न, आणि उत्तर ऐकल्यावर चेहरा बदलतो. खोली मिळाली तरी संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्या दारावरून पुढं जातं. लेकरं विचारतात, "माय, आपल्याला का नाही बोलावलं?"

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावाच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. शहरातल्या वार्डात ग्रामसभा नसते, पण बोलावणं कुणाला द्यायचं हे तर आपल्याच हातात असतं. त्यासाठी कुठल्या ठरावाची वाट बघायला नको.

आता आधीपासून राहणाऱ्यांनी काय करायचं

दूरच्या सोयऱ्यापेक्षा जवळचा शेजारी बरा, असं आपण म्हणतो. तो बरा शेजारी कुणाला तरी व्हावं लागतं. गल्लीत टेम्पोतून सामान उतरताना दिसलं की पुढच्या पाच गोष्टी गटानं वाटून घ्याव्यात.

पहिल्या दिवशी एक गुंडी पाणी आणि चहा. नळाची वेळ त्या दिवशीच सांगावी.

पहिल्या आठवड्यात आशाताईला आणि अंगणवाडीताईला कळवावं की नवं कुटुंब आलं आहे, लेकरू एवढ्या महिन्यांचं आहे, बाई गरोदर आहे की नाही.

आपल्या पोरांना त्या लेकराचं नाव विचारून यायला सांगावं. त्याची बोली वेगळी असेल तर त्या बोलीतले दोन शब्द आपल्या पोरांनी शिकावेत. कोलामीत पाण्याला काय म्हणतात हे त्या लेकरालाच विचारावं. ज्याला विचारतात ते लेकरू हसण्याचा विषय राहत नाही.

पहिल्या महिन्यात त्या बाईला गटाच्या बैठकीला बोलावावं. लगेच सभासद करून घ्यायची घाई नको, नुसतं येऊन बसू द्यावं. गटात वीस जणी भरल्या असतील तर नव्या आलेल्या बायांचा वेगळा गट उभा करायला मदत करावी.

आणि दारावर तीन नंबर लिहून द्यावेत. तातडीच्या मदतीला 112, बायांसाठी 181, मुलांसाठी 1098. त्याच्या खाली आपला नंबर. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर ती आधी खालचाच नंबर लावेल.

यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. वेळ लागतो, आणि कधी घरातल्या मोठ्यांचं बोलणं ऐकावं लागतं. "त्यांच्या घरचा चहा घेतलास?" असं कुणी विचारलं तर "हो, घेतला," एवढं म्हणायची तयारी लागते.

पुढच्या बैठकीत बोलण्यासाठी

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत या चार प्रश्नांवर बोला, आणि काय निघालं ते आपल्या रेडिओ केंद्राला कळवा.

गेल्या वर्षभरात आपल्या गल्लीत किती कुटुंबं राहायला आली आणि किती सोडून गेली? गेलेल्यांपैकी एकीला तरी आपण कारण विचारलं का?

आपल्या नळावर किरायेदारांचा नंबर कधी लागतो?

मागच्या हळदीकुंकवाला कोणती घरं राहिली होती?

आपल्या गावातून किंवा पोडावरून पांढरकवड्याला गेलेली एखादी मुलगी आठवा. ती आज कुणाच्या शेजारी राहते, आणि त्या शेजारणीचं नाव आपल्याला माहीत आहे का?

माहीत नसेल तर या रविवारी तिला फोन करून विचारा.